पेटीच्या कानातले दोन हुकूम

पेटीवर हिरवा दिवा लागला. पडदा उजळला. आणि पडद्यावर कमळ आलं.

"हे काय?" गोविंदन म्हणाला.

"कमळ."

"ते दिसतंय, रायरे. माझे अन्नपक्षी कुठं गेले?"

मला ठाऊक नाही, असं चारचौघांत म्हणायची मला सवय नाही. मी पेटी बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा कमळ.

माझं शिक्षण पाचवी, तीही नापास. मराठी अक्षरं वडिलांनी दारापुढच्या कट्ट्यावर बसवून पाटीवर गिरवून घेतली. इंग्रजी अक्षरं मी रेडिओच्या व्हॉल्व्हवर छापलेली वाचून शिकलो. तंजावरात आम्हां मराठी लोकांस तमिळ लोक रायर म्हणतात, म्हणून मी रेडिओ रायर. रेडिओ गेले, टीव्ही गेले, नाव राहिलं. आता स्टॅबिलायझर, भातगिरणीची पॅनेलं आणि रेशमी मागांवरच्या पेट्या मजकडे येतात. शिकलेले लोक बोर्ड बदलतात. मी बोर्ड दुरुस्त करतो. हा फरक मी न विचारता सगळ्यांस सांगतो.

पेटी म्हणजे काय ते सांगतो. साडीवरची नक्षी कशानं उठते? ताण्याचे कोणते उभे धागे वर उचलले आणि कोणते खाली ठेवले, त्यानं. पूर्वी त्यासाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरायची. आता तिथं एक पेटी असते, तिच्या पोटात लहानसा कंप्युटर. विणकर पायाखालची पावडी दाबतो, पेटी नक्षीची एक ओळ वाचते, बाराशे हुकांपैकी हवे तेवढे खटकन वर जातात, मधून आडवा धागा घेऊन धोटा पार होतो. पुन्हा पावडी, पुढची ओळ. अशा हजारो ओळी झाल्या की एक पदर होतो.

गोविंदनच्या मागावर लग्नाची साडी होती, लाखेच्या रंगाची. पदर अर्धा झाला होता. त्यावर अन्नपक्ष्यांच्या, म्हणजे हंसांच्या जोड्या, माना मागं वळवून एकमेकांकडे पाहणाऱ्या. ही नक्षी त्याच्या वडिलांची. म्हाताऱ्यानं शेवटच्या आजारपणात पेटीपुढं बसून एकेक ठिपका स्वतः भरला होता आणि संक्रांतीनंतर, तै महिन्यात तो गेला. कागदावर काही नाही. जे काही होतं ते पेटीतल्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर. नक्षी तिथं, आणि कितव्या ओळीपर्यंत विणून झालं तो आकडाही तिथंच.

गेल्या आठवड्यात गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली. पेटी मी उघडली तेव्हा मधल्या चिपचा पापड झाला होता. ते मजकडूनही होण्यासारखं नव्हतं, हे लिहून ठेवतो. कंपनीनं कोइमतूरहून नवी पेटी पाठवली, नव्या मॉडेलची. कार्ड मात्र वाचलं होतं. नव्या पेटीत जुनं कार्ड घातलं की झालं, असं मी गोविंदनास ऐटीत सांगितलं होतं.

त्या दिवशी बुधवार. शुक्रवारी संध्याकाळी मुलीकडचे लोक साडी न्यायला येणार. अर्धा पदर विणायला गोविंदनास पूर्ण दोन दिवस हवे होते.

"कार्ड जळलं असेल का?" त्यानं विचारलं. "सकाळी झेरॉक्सच्या दुकानात घालून पाहिलं. त्याचा कंप्युटर म्हणाला, हे कार्ड मला वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?"

"आणि?"

"तो हो दाबणार होता. मी उपसून घेतलं."

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. "बरं केलंस," मी म्हणालो. "ते कार्ड आपल्या पेटीच्या पद्धतीनं लिहिलेलं असतं. त्या दुकानातल्या डब्यास काय कळणार?"

गोविंदनची आई भिंतीशी बसून कांडीवर जरीचा धागा भरत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "रायरे, त्यांच्या हातचं एवढंच राहिलंय. उरलेल्या साड्या लोक नेसून गेले."

गोविंदननं मागाकडं पाहिलं. "चार वाजेपर्यंत बघा. नाही झालं तर विणलेला अर्धा पदर उसवतो आणि हेच कमळ घालतो. उसवायला रात्र. कमळ सोपं, अख्खा पदर दोन दिवसांत विणून होतो. मग शुक्रवार साधेल, जेमतेम."

उसवणार म्हणजे जरीची तार तुटणार, रेशीम पिंजणार. आणि अन्नपक्षी संपले. तेव्हा अकरा वाजले होते.

मी पिशवीतून मुलानं टाकून दिलेला लॅपटॉप काढला आणि सीरियल केबल. ही माझी लाडकी वस्तू. तीन तारा पेटीच्या बोर्डावर टोचल्या की पेटी उठताना स्वतःशी काय पुटपुटते ते लॅपटॉपवर अक्षरांत दिसतं. लोकांस वाटतं बटण दाबलं की यंत्र चालू होतं. तसं नसतं. आतल्या मुख्य कारभाऱ्यास कर्नल म्हणतात. तो आपण होऊन उठत नाही. त्यास उठवायला आणखी एक लहान प्रोग्राम असतो, बूटलोडर. तो पेटीभर नजर टाकतो, काय काय जोडलंय ते पाहतो, आणि कर्नलास उठवताना त्याच्या कानात एक ओळ सांगतो: अमुक ठिकाणी बोल, तमुक ठिकाणचं घर उघड. त्या घरास रूट म्हणतात. सगळ्या फाइली, सगळी नक्षी त्या घरात.

हे मला पूर्वीपासून माहीत होतं. तरी दर वेळी ती अक्षरं काळ्या पडद्यावर सरसर उतरू लागली की मी हात जोडतो. कोणी पाहत नाही ना ते पाहून. पडदा काळा, यंत्र झोपेत, आणि त्याच्या आधी कोणीतरी जागं असतं. हे मनुष्यानं केलंय, यावर विश्वास बसत नाही.

मी ओळ ओळ बोट ठेवून वाचलं. बूटलोडरनं कार्ड पाहिलं होतं. त्यानं चोख सांगितलंही होतं: रूट, कार्ड. पुढं कर्नल उठला आणि त्यानं आपण ऐकलेली ओळ परत म्हणून दाखवली. तो नेहमी म्हणतो, शाळेतल्या पोरासारखा. तिच्यात कार्ड नव्हतंच. त्यात होतं: रूट, आतली मेमरी. कंपनीनं नमुन्यास भरलेलं कमळ तिथलं.

सांगितलं एक, ऐकलं भलतंच. मधल्या मधे बदललं कोणी?

कंपनीचा नंबर लावला. रेवती नावाची इंजिनियर बोलली. आम्ही तमिळमध्ये बोललो, इथं मराठीत लिहितो. ती मला तात्ता म्हणाली, म्हणजे आजोबा. मला ते आवडलं नाही. पडद्यावरच्या दोन्ही ओळी तिला वाचून दाखवल्या.

"तात्ता, पेटी उठतानाचा हा लॉग कुठून मिळाला तुम्हांला?"

"तारा टोचून."

"आमचे डीलर दिवा लागतो का तेवढंच पाहतात," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "बरोबर पकडलंत. नव्या कर्नलच्या पोटातच आम्ही एक ओळ लिहून ठेवली आहे. बांधतानाच. त्यात रूट आतलं आहे. आणि सेटिंग असं की पोटातली ओळ तेवढी खरी. बूटलोडर काहीही सांगो, कर्नल ऐकत नाही."

"बहिरा केलात त्यास?"

"लोक फोनमधली, कॅमेऱ्यातली कार्डं घालायचे आणि पेटी उठायचीच नाही. म्हणून."

"मग ती पोटातली ओळ काढून टाक."

"नाही चालणार. हुकांसाठी राखलेली मेमरी त्याच ओळीत आहे. आणि थांब असा एक हुकूम आहे. कार्ड ओळखायला क्षणभर लागतो. तो हुकूम नसेल तर कर्नल घाईनं दार ठोठावतो, घर नाही म्हणतो आणि तिथंच मरतो. बूटलोडरला हे काही माहीत नाही. त्याला तेवढं कार्ड माहीत."

मी ऐकत राहिलो. एकास जन्मापासूनचं ठाऊक, दुसऱ्यास आत्ताचं, समोरचं. दोघांचं मिळून काम होणार. मला आमच्या पूजेचा संकल्प आठवला. अर्धा भटजींस पाठ, आणि नाव-गोत्र घरच्यानं तिथल्या तिथं सांगायचं.

"मग दोन्ही जोड," मी म्हणालो.

"तसं सेटिंग आहे, तात्ता. दोन्ही ओळी एकास एक जोडून कर्नलला द्यायच्या. तसा नवा कर्नल बांधायला पाऊण तास लागेल. आधी पोटातली ठेवते, मग बूटलोडरची..."

"मग कशास? ऐकायचं कोणाचं आहे?"

"बूटलोडरचं."

"मग त्याचं आधी."

"पण तात्ता, कर्नल वाचताना..."

"हे बघ बाई. आमच्या घराण्यात लग्न ठरवायला बसलं की सर्वांत मोठा माणूस पहिला बोलतो. तो बोलला की बाकीच्यांनी मान डोलवायची. पुढं कोणी काही बोललं तरी तो नुसता आवाज. ज्याचा शब्द मोठा त्याचा शब्द आधी. मी म्हणतो तसं लिही."

"सरी, तात्ता," ती म्हणाली. सरी म्हणजे बरं.

फोन ठेवला. गोविंदननं विचारलं, "काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार? मी सांगितलं."

फोनची बॅटरी एव्हाना लाल झाली होती. सकाळी निघताना तुळजा, आमची बायको, दारातून म्हणाली होती, चार्जर घ्या. मी म्हणालो होतो, काय करायचाय, तासाभराचं काम. ती म्हणाली, असू द्या. चार्जर पिशवीत होता.

सव्वा वाजता मेल आली. उघडली तशी वरचीच फाइल उचलली, पेनड्राइव्हवर घेतली आणि पेटीत चढवली. गोविंदन, त्याची आई, शेजारच्या मागावरचे दोघे, सगळे मागं उभे. मी मुद्दाम जरा सावकाश बटण दाबलं.

अक्षरं उतरली. कर्नलनं ओळ म्हणून दाखवली. आता ती लांब होती. सुरुवातीसच रूट, कार्ड. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "ऐकलं! बघ, ऐकलं त्यानं!"

पडदा उजळला. कमळ आलं.

शेजारचा एक जण हसला. "रायरे, हे कमळ तुमच्या प्रेमात पडलंय."

गोविंदन आत गेला आणि लहान कात्री घेऊन आला. नुसती मागाच्या कडेस ठेवली. दोन वाजायला आले होते. त्याची आई कांडी भरायची थांबली होती.

मी शेजाऱ्यांस बाहेर काढलं. म्हटलं, मला हवा लागत नाही. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन ती एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मला इंग्रजी झरझर येत नाही, हे त्या दिवशी कामास आलं. झरझर वाचणाऱ्यास पहिला शब्द दिसला असता आणि तो उठून गेला असता. मी शेवटपर्यंत गेलो.

रूट, कार्ड. मग मेमरीचं काहीतरी. मग थांब. आणि अगदी शेवटी, पुन्हा: रूट, आतली मेमरी.

एकाच ओळीत दोन रूट. कर्नलनं दोन्ही ऐकले होते. पहिला ऐकून कार्डाकडं निघाला असेल, तेवढ्यात दुसरा कानी आला.

रेडिओची सुई तिरुचीवर लावा आणि मग फिरवून मद्रासवर न्या. वाजणार मद्रास. तिरुची आधी लावली होती म्हणून ती मोठी, असं रेडिओ म्हणत नाही. सुई जिथं सोडाल ते स्टेशन. हे मी हजार वेळा हातानं केलं होतं, आणि एका पोरीस फोनवर घराण्याची रीत शिकवत बसलो होतो. तिनं सांगायला तोंड उघडलं होतं. मी बंद केलं.

गोविंदनच्या आईनं हळूच विचारलं, "कळलं का काही?"

"कळलं."

"कोणाची चूक?"

मी चष्मा पुसला. काच स्वच्छ होती. "माझी," मी म्हणालो.

चार्जरची पिन भिंतीत घातली आणि फोन लावला. पाऊण तास बांधायला, म्हणजे तीन वाजणार. चार वाजायच्या आत जमलं तर जमलं.

"रेवती," मी म्हणालो, "मी चुकलो. शेवटी जे येतं ते तो धरतो. तू म्हणत होतीस तसं कर. पोटातली आधी, बूटलोडरची नंतर. लवकर कर, बाई. इथं कात्री काढून ठेवली आहे."

ती म्हणाली, "तात्ता, मेल पुन्हा उघडा. खाली सरकवा. फाइल एकच आहे का?"

मी सरकवलं. दोन होत्या.

"तुमच्याबरोबर तीपण बांधून ठेवली होती," ती म्हणाली. "वर तुमची ठेवली, खाली माझी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की, तात्ता."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या दुकानात असं कोणी केलं असतं तर मी त्यास भागीदार केलं असतं.

दुसरी फाइल चढवली. या वेळी कोणास बोलावलं नाही. अक्षरं उतरू लागली. आधी पोटातली ओळ: मेमरी, थांब, रूट आतली मेमरी. आणि तिच्या शेपटीस बूटलोडरचं ते लहानसं वाक्य: रूट, कार्ड. खालोखाल कर्नलनं लिहिलं, रूटची वाट पाहतो आहे.

आणि तो थांबला.

एवढं मोठं यंत्र. आत अब्जावधी बारीक दिवे लागत विझत असतील, आणि ते एका नखाएवढ्या कार्डासाठी थांबलं होतं. पोटातल्या ओळीनं सांगितलं थांब, बाहेरच्या ओळीनं सांगितलं कोणासाठी. दोघांस एकमेकांची ओळख नाही. एक कोइमतूरात लिहिलेला, दुसरा इथं आत्ता, गोविंदनच्या घरात, कार्ड पाहून बोललेला. दोघांचे शब्द त्या क्षणी एका ओळीत शेजारी बसले होते आणि त्यांतून अर्थ निघत होता. मी अख्खं आयुष्य यंत्रं उघडली. कुठल्याही यंत्रास असं वाट पाहताना मी पाहिलं नव्हतं. खोटं लिहीत नाही.

मग अक्षरं पुन्हा धावली. पडदा उजळला.

दोन माना. मागं वळलेल्या. एकमेकांकडं पाहणाऱ्या.

खाली आकडा: एक हजार आठशे सेहेचाळीस.

गोविंदननं आकड्याकडं पाहिलंच नाही. तो मागावर बसला, विणीच्या कडेस अंगठा लावला आणि शेवटच्या काही ओळी नखानं मोजल्या. मग पावडी दाबली. वरून हूक खटकन उठले. त्यानं उचललेल्या धाग्यांखाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चोचीचं टोक," तो म्हणाला. "बरोबर इथंच होतो."

धोटा पार झाला. जरीची एक ओळ बसली. कुठं सांधा दिसला नाही. त्याची आई उठून मागापाशी आली, पदरावर हात फिरवला, आणि म्हणाली, "ठिपके भरताना खोकत होते. तरी एक चुकला नाही." मग ती कात्री उचलून आत ठेवून आली.

मी केबल गुंडाळली. कापी, म्हणजे कॉफी, प्यालो. पेटीतून कार्ड काढू नका, असं तीन वेळा बजावलं. घरी जाण्याआधी रेवतीस फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. कार्डावरच्या नक्षीची एक प्रत आतल्या मेमरीत ठेवायची सोय कर. आणि मला तात्ता म्हणायला माझी हरकत नाही. पहिलीवर ती म्हणाली, वरच्यांस विचारते. दुसरीवर हसली.

साडी शुक्रवारी दुपारी मागावरून उतरली. मी पाहायला गेलो होतो. चौदा जोड्या. कमळ एकही नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या चुलत भावाच्या नातीचं लग्न ठरवायला बसलो. जमखाना अंथरला. सगळे मजकडं पाहू लागले, कारण आता सर्वांत मोठा मीच. मी म्हणालो, "तुम्ही बोला आधी. मी शेवटी बोलतो."

आमच्याकडं असं कधी झालं नव्हतं. मी मग त्यांस पेटीची गोष्ट सांगितली, दोन रूटची, सुईची. एकूण इतकंच, मी म्हणालो, की यंत्रापुढं मोठेपणा चालत नाही. शेवटचा शब्द चालतो.

सर्वांचं बोलून झालं. मी घसा साफ करून माझा शब्द सांगितला: लग्न वैशाखात, तिरुवैयारुला, नदीकाठच्या मंडपात.

तुळजा दारातून म्हणाली, "पोरीची परीक्षा आहे वैशाखात. आषाढ गेल्यावर आवणीत करू या. मंडप तंजावरातलाच बघा."

मंडळींनी माना डोलावल्या. लग्न आवणीत, म्हणजे श्रावणात ठरलं, तंजावरात.

घरी येताना मी तिला म्हणालो, "तू माझ्यानंतर बोललीस."

"पन्नास वर्षं तेच करत्ये," ती म्हणाली. "तुम्हांस पेटी उघडल्यावर कळलं."